सभासद क्रमांक नऊ

निवडणूक जाहीर व्हायच्या महिनाभर आधी पत्रकबाईंच्या टेबलावरचा संगणक वरच्या मजल्यावर गेला आणि त्या जागी एक टेलिफोन आला.

चोवीस वर्षं पक्षाच्या प्रदेश कार्यालयातून बाहेर पडलेलं प्रत्येक पत्रक बाईंनी लिहिलं होतं. अध्यक्षांचा दौरा, कुणाची नेमणूक, कुणाची हकालपट्टी, सरकारचा निषेध, कुणी गेलं तर शोकसंदेश. त्यांचं खरं नाव कार्यालयात कुणी घेत नसे, 'पत्रकबाई' म्हटलं की भागायचं. आता पक्षानं प्रसिद्धीसाठी नवी मंडळी नेमली होती. ती वर बसत, मोठाल्या पडद्यांसमोर, आणि अध्यक्ष काय बोलले ते खाली बसलेल्या बाईंच्या आधी अख्ख्या राज्याला कळत असे.

हे सांगायला सरचिटणीस स्वतः खाली आले. माणूस वाईट नव्हता. अवघड काही सांगायचं असलं की खुर्चीत न बसता टेबलाची कड धरून उभा राहायचा, एवढंच.

"बाई, तुमच्यावर मोठी जबाबदारी टाकतोय. जुने सभासद. अकराशे चाळीस नावं आहेत. एकेकाला फोन करायचा, पक्षाला तुमची आठवण आहे म्हणायचं आणि पुन्हा कामाला जुंपायचं. तुमच्याइतकं गोड कोण बोलणार?"

"आणि पत्रकं?"

"ती होतात हो वर. तुम्ही कशाला दगदग करता?"

यादी जाडजूड होती. नाव, गाव, फोन नंबर आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. शेरे तीनच प्रकारचे लिहायचे होते: राजी, नाराज, मयत. काय बोलायचं तेही वरच्यांनी छापून दिलं होतं.

बाईंनी पहिल्या दिवशी चाळीस फोन केले. एक जण म्हणाला, "आठवण आली का? म्हणजे निवडणूक आली." दुसऱ्यानं पक्षाचं नाव ऐकलं आणि आपल्या गुडघ्यांची हकिगत सुरू केली, ती अर्धा तास पुरली. एका घरी फोन बाईमाणसानं उचलला. बाईंनी छापील वाक्यं धडाधड म्हटली आणि शेवटी विचारलं, "तर साहेब कधी येतील भेटायला?"

"ते गेले हो," ती म्हणाली. "सहा वर्षं झाली."

पक्षातलं कुणी गेलं की शोकसंदेश बाईच लिहायच्या. या माणसाचा त्यांनी लिहिला नव्हता, कारण तो गेल्याचं कार्यालयाला कुणी कळवलंच नव्हतं. आठवडाभरात अशी एकसष्ट माणसं निघाली. बाई प्रत्येकापुढे 'मयत' लिहीत आणि थोडा वेळ फोनवर हात ठेवून बसत.

दिवसभरात पन्नास जणांशी बोललेल्या बाई घरी आल्या की त्यांना बोलायला कुणी नसे. आई गेल्याला वर्ष होत आलं होतं. लग्न झालं नव्हतं. आधी धाकट्यांचं होऊ दे म्हणून, मग आईला कोण बघणार म्हणून, आणि मग कुणी विचारीनासंच झालं म्हणून. भाऊ-बहीण आपापल्या संसारात दूर होते, सणावारी फोन यायचा. दोन खोल्यांचं घर. कुलूप काढून आत शिरल्या की बाई अजूनही चप्पल आवाज न करता काढत, आईची झोपमोड नको म्हणून. मग लक्षात यायचं. पातेलीभर भाताची सवय जाता जात नव्हती, तो दुसऱ्या दिवशीही खावा लागायचा.

दुसऱ्या आठवड्यात यादीतला एक नंबर लागला. सभासद क्रमांक नऊ. इतक्या सुरुवातीचा माणूस जिवंत असेल असं बाईंना वाटलं नव्हतं.

"नमस्कार. मी प्रदेश कार्यालयातून बोलतेय. आपल्यासारख्या निष्ठावंत सहकाऱ्यांच्या त्यागावर उभ्या राहिलेल्या आपल्या पक्षाला आपल्या..."

"थांबा, थांबा," पलीकडून म्हातारा पण खणखणीत आवाज आला. "हे कुणी लिहिलंय?"

"वरून आलंय."

"वाटलंच. एका वाक्यात तीनदा 'आपल्या'. पत्रकं लिहिणाऱ्या बाई होत्या तुमच्याकडे, त्या गेल्या का सोडून?"

बाईंनी छापील कागद खाली ठेवला. "मीच ती."

"असं होय! मग माझी कार्डं तुम्हाला मिळाली असतील."

बाईंना एकदम आठवलं. पक्षाचं चार पानी बातमीपत्र निघायचं, त्यावर वर्षानुवर्षं पोस्टकार्डं यायची. बारीक, उभं अक्षर. 'पान तीन, ओळ अकरा. परिस्थितीतली पहिली वेलांटी चुकली आहे.' एवढाच मजकूर, आणि खाली सही 'एक जुळारी'. कार्यालयात सगळे हसायचे. बाई मात्र दर वेळी अंक काढून ती ओळ शोधायच्या आणि दर वेळी कार्डवाल्याचंच बरोबर निघायचं. तिसऱ्या पानाच्या अकराव्या ओळीपर्यंत वाचणारा राज्यात एक तरी माणूस आहे, याचं त्यांना बरं वाटायचं.

"दोन वर्षांपासून बंद झाली कार्डं," बाई म्हणाल्या.

"डोळे गेले ना. काचबिंदू. उजेड-अंधार कळतो, बाकी काही नाही."

जुळारी म्हणजे छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवणारा माणूस. यांनी चाळीस वर्षं तेच केलं होतं आणि पक्षाचा पहिला जाहीरनामाही त्यांनीच जुळवला होता. वय चौऱ्याऐंशी. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातून दीड महिना घरी. घरात ते आणि सून. सून दवाखान्यात कामाला, पहाटे जायची आणि दुपारी येऊन पडायची ती गाढ झोपायची.

"तिला कुठं वाचायला लावू?" ते म्हणाले. "दमून येते बिचारी. बाई, आजचा अंक आलाय का?"

निवडणुकीच्या दिवसांत बातमीपत्र रोज निघत असे. "समोरच आहे."

"मग पहिलं पान वाचता? घाईत नसलात तर."

बाईंच्या यादीत अजून नऊशे नावं होती. त्या घोटभर पाणी प्यायल्या आणि त्यांनी पहिलं पान वाचलं. मग दुसरंही वाचलं. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं ते ठरेना, म्हणून तो कोराच ठेवला.

दुसऱ्या दिवशी चारला त्यांनी पुन्हा फोन लावला, तिसऱ्या दिवशीही. मग तो नेमच झाला. जुळारीकाका मध्ये मध्ये अडवायचे. "'प्रचंड' किती वेळा आलं? पाच? काढा चार." उमेदवारांची पहिली यादी वाचली तेव्हा एकेका नावाला त्यांनी वडिलांपासूनचा इतिहास सांगितला. हळूहळू बाई अंकात नसलेलंही सांगू लागल्या. तिकिटासाठी आलेले इच्छुक जिन्यात कसे रांगेनं बसतात, अध्यक्षांची गाडी आली की कसे एकदम उठतात. एकाचं नाव यादीत आलं नाही म्हणून तो जिन्यातच आडवा झाला आणि दुपारी सगळं कार्यालय त्याला ओलांडून जेवायला गेलं, हे सांगितल्यावर काका इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"मग काय झालं त्याचं?"

"तीन वाजता उठला आणि दुसऱ्या पक्षात गेला."

काकाही सांगायचे. शिशाचा वास कसा नाकात बसायचा आणि जेवतानाही जायचा नाही. अंगठ्यावरची शाई लग्नातसुद्धा निघाली नव्हती. पहिल्या जाहीरनाम्याची गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली, पण बाईंनी दोन्ही वेळा पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकली. गावाचं पाणी तेव्हाच्या सरकारनं एका कंपनीला विकायला काढलं होतं, त्या भांडणातून पक्ष जन्मला. जाहीरनाम्याची पहिली ओळ होती, 'पाणी विकणाऱ्यांबरोबर आम्ही बसणार नाही.'

"ओळ भरेना," काका म्हणाले. "शेवटी जागा उरत होती, दिसायला वाईट. मी संस्थापकांना विचारलं, 'कधीही' घालू का? ते म्हणाले, घाल. झालं! 'पाणी विकणाऱ्यांबरोबर आम्ही कधीही बसणार नाही.' त्या एका शब्दावर पुढे दहा वर्षं टाळ्या पडल्या. पक्षाला वाटतं तो संस्थापकांचा, पण तो माझा आहे."

दहाव्या दिवशी त्यांच्या तोंडून सहज निघून गेलं, "मुली, जरा हळू वाच, ती तिकीटवाटपाची बातमी पुन्हा सांग बघू." बाईंनी बातमी पुन्हा, हळू वाचली. त्यांना सत्तावन्नावं वर्ष चालू होतं. आई गेल्यापासून वडीलधाऱ्या कुणी त्यांना 'तू' म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून रविवार फार लांब वाटू लागला. कार्यालयाला सुट्टी नसली तरी बाईंना असायची. एका रविवारी त्यांनी घरूनच फोन केला. अंक नव्हताच, म्हणून पाव तास नुसत्या बोलल्या. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की या घरात आज कितीतरी दिवसांनी कुणीतरी हसलं होतं आणि त्या हसणाऱ्या आपणच होतो.

मतदानाला तीन आठवडे उरले असताना पक्षानं युती जाहीर केली. युती त्याच पक्षाशी झाली, ज्यानं तेव्हा पाणी विकायला काढलं होतं. वरून आलेल्या बातमीत तिला 'ऐतिहासिक' म्हटलं होतं. बाईंनी चारला ती वाचली. काका मध्ये एकदाही बोलले नाहीत.

"काका?"

"ऐकतोय."

"काय म्हणता?"

"काय म्हणणार? तुझ्या त्या यादीत शेरा लिहायचा असतो ना? माझ्यापुढे 'नाराज' लिही. आणि आता दुसरं पान वाच, कुठं सभा आहेत बघू."

बाईंनी दुसरं पान वाचलं. 'नाराज' मात्र लिहिलं नाही, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

दोन दिवसांनी सरचिटणीस खाली आले आणि टेबलाची कड धरून उभे राहिले.

"बाई, जुन्या लोकांत कुरकुर आहे युतीवरून. रोज चारला तुम्ही क्रमांक नऊशी बोलता म्हणे. हयात आहेत?"

"आहेत."

"झकास! त्यांच्या नावानं एक निवेदन काढू. पहिल्या पिढीचा आशीर्वाद. पाच-सहा ओळी, मनाला भिडतील अशा. वर सांगितलं होतं, त्यांनी लिहून आणलं ते साबणाच्या जाहिरातीसारखं झालंय. हे तुमचंच काम."

"पण ते असं काही म्हणाले नाहीत, साहेब."

"म्हणाले नाहीत, तसं नाहीही म्हणाले नाहीत ना? जाहीरपणे?" ते थोडे वाकले. "त्यांना दिसत नाही असं ऐकलं. वयही झालंय. कुणाचं काय बिघडणार आहे? लिहा तुम्ही, चार वाजेपर्यंत द्या. तुमच्या हाताची सर कुणाला नाही, हे मी वरही सांगितलंय."

पुढे बाईंनी हे स्वतःला पुष्कळदा विचारलं, की तेव्हा नाही का म्हटलं नाही. धमकी कुणी दिली नव्हती. नोकरी जाईल असंही वाटलं नव्हतं. खरं एवढंच होतं, की दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणी त्यांना लिहायला सांगितलं होतं. त्यांनी कोरा कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि हात आपोआप चालू लागला.

'अंगठ्याला शाई आणि नाकात शिशाचा वास घेऊन आम्ही हा पक्ष जुळवला. ओळ भरत नसेल तर नवा शब्द शोधावा लागतो, हे कुठल्याही जुळाऱ्याला कळतं. आज पक्ष तेच करतो आहे. माझ्या पिढीनं राग सांभाळला, नव्या पिढीनं राज्य सांभाळावं. या युतीला माझा आशीर्वाद आहे.'

लिहून झाल्यावर त्यांनी ते वाचलं. कित्येक वर्षांत इतकं चांगलं काही त्यांच्या हातून उतरलं नव्हतं. सरचिटणीसांनी उभ्याउभ्या वाचलं, डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि म्हणाले, "कमाल आहे, बाई." दुसऱ्या दिवशी ते बातमीपत्राच्या पहिल्या पानावर होतं, सगळ्या वर्तमानपत्रांतही होतं, शेजारी क्रमांक नऊचा जुना फोटो. वरची मंडळी जिन्यात भेटली ती हसून बोलली. एकीनं तर विचारलं, "असं कसं हो सुचतं तुम्हाला?"

चार वाजले. बाईंनी फोन लावला. पहिल्या पानावरच्या सभेची बातमी वाचली, अर्ज माघारीची वाचली, आणि निवेदन गाळून पान उलटलं.

"पहिलं पान संपलं?" काकांनी विचारलं.

"हो."

"मुली, तुझ्या वाचण्यावरून मी ओळी मोजतो. सवयच आहे. आज पाऊण कॉलम रिकामा राहतोय."

बाईंनी उलटलेलं पान पुन्हा मागे घेतलं. "फोटो आहे तिथे."

"कुणाचा?"

"एका जुन्या कार्यकर्त्याचा."

"बरं," काका म्हणाले. थोडं थांबून त्यांनी पुन्हा "बरं" म्हटलं. "वाच पुढे."

त्या संध्याकाळी शेजारपाजारचे लोक वर्तमानपत्र घेऊन काकांचं अभिनंदन करायला गेले असणार, हे बाईंना कळत होतं. दुसऱ्या दिवशी चारला फोन सुनेनं उचलला. "बाबा बोलणार नाहीत," ती म्हणाली आणि ठेवून दिला. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी नुसतीच घंटी वाजत राहिली. बाईंनी यादीतले पुढचे नंबर फिरवले, पण लोक काय बोलतात ते त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. घरी आल्या की टेबलापाशी बसून राहत, दिवा लावायचंही सुचत नसे.

रविवारी सकाळी त्या बसमध्ये बसल्या. तीन तासांचा रस्ता होता. पत्ता यादीत होताच. वाटेत दर थोड्या अंतरावर युतीचे फलक लागत होते, दोन पक्षांचे अध्यक्ष हातात हात घालून उभे.

घर एका लांबट इमारतीत तळमजल्यावर होतं. दार सुनेनं उघडलं. चाळिशीची, केस घट्ट बांधलेले, हातात पिळलेला कपडा.

"मी प्रदेश कार्यालयातून..."

"तुम्ही चारच्या बाई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, पण दारातून बाजूला व्हायला तिनं वेळ घेतला. "बाबा पावणेचारला तोंड धुऊन, केस विंचरून बसायचे. मी म्हणायची, अहो, फोनवर दिसतं का? तर म्हणायचे, दिसत नसलं म्हणून काय झालं?"

बाईंनी चपला दाराशी काढल्या. सुनेनं मागच्या खोलीकडे हात केला.

काका खिडकीजवळच्या खुर्चीत होते. बाईंनी मनात उंच माणूस धरला होता. हे लहानखुरे होते, हात मात्र मोठे, बोटांची टोकं चपटी झालेली.

"काका, मी आलेय."

"आवाजावरून कळलं. बसा."

'बसा' ऐकलं आणि बाईंना वाटलं, हे तीन तास आपण उगाच आलो. तरी त्या बसल्या.

"ते मी लिहिलं," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे मला. शिशाच्या वासाचं मी दुसऱ्या कुणाजवळ बोललो नव्हतो. आणलंय का कात्रण? वाचा."

बाईंनी पिशवीतून कात्रण काढलं आणि वाचलं. पाच वाक्यं. काकांचं बोट खुर्चीच्या हातावर एकेका शब्दाला टेकत होतं.

"चांगलं लिहिलंय," ते म्हणाले. "तेच वाईट झालं. भिकार लिहिलं असतंत तर मी हसून सोडून दिलं असतं. सुनेनं वाचून दाखवलं आणि म्हणाली, बाबा, अगदी तुमच्या बोलण्यासारखंच आहे हो. मला स्वतःला घटकाभर वाटलं, मी म्हणालो होतो की काय? या वयात माणसाची स्वतःवरची खात्री आधीच कमी असते, बाई. तिला असा धक्का द्यायचा नसतो."

"चुकलं माझं."

"चुकलं ते दिसतंय. वेलांटी असती तर कार्ड टाकलं असतं."

मागे भांडी लावल्याचा आवाज येत होता. मग काका म्हणाले, "कागद आहे?"

त्यांनी सांगितलं आणि बाईंनी लिहून घेतलं. 'माझ्या नावानं छापलेलं निवेदन माझं नाही. मला कुणी विचारलं नव्हतं. पहिल्या जाहीरनाम्याची पहिली ओळ मी जुळवली होती, ती मला अजून मान्य आहे. पक्षाला बदलायचा अधिकार आहे. माझं नाव मात्र माझं आहे. ते मी परत घेतो आहे.'

बाईंनी वाचून दाखवताना 'तीव्र निषेध' घालायचं सुचवलं. काकांनी मान हलवली. "नको. शब्द जितका मोठा तितका तो पोकळ वाजतो." मग सुनेनं कागदावर पट्टी आडवी धरली आणि पट्टीच्या कडेनं त्यांनी सही केली. सही सरळ आली.

बाई उठल्या तेव्हा त्यांना वाटलं, निदान 'जपून जा' तरी म्हणतील. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. दारापर्यंत सून आली आणि एवढंच म्हणाली, "बस कोपऱ्यावर मिळेल."

सोमवारी बाईंनी तो कागद सरचिटणीसांसमोर ठेवला. खाली त्यांनी स्वतःची एक ओळ घातली होती, 'पहिलं निवेदन या कार्यालयात मी लिहिलं', आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं होतं. सरचिटणीसांनी ते नाव वाचलं आणि क्षणभर हे कोण, असा चेहरा केला.

"बाई, मतदानाला अकरा दिवस राहिलेत. डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आजच्या पत्रकांबरोबर हे पाठवा. तुम्ही पाठवलं तर पक्षाची चूक पक्षानं सुधारली, असं होईल."

"नाही पाठवलं तर?"

"मी नेऊन देते."

ते या वेळी खुर्चीत बसले. दमलेले दिसत होते. "मी तुम्हाला चोवीस वर्षं ओळखतो. तुम्हाला या कार्यालयाशिवाय दुसरं आहे काय? घरी जाऊन करणार काय तुम्ही?"

हे त्यांनी टोचून म्हटलं नव्हतं, काळजीनंच म्हटलं होतं. म्हणूनच बाईंना ते फार लागलं. त्यांनी कागद उचलला, पिशवीत घातला आणि जिना उतरल्या. इच्छुकांची गर्दी आता नव्हती, पायऱ्यांवर फाटलेल्या पताका पडल्या होत्या.

त्या तीन वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत पायी गेल्या. पहिल्या ठिकाणी कागद ठेवून घेतला. दुसऱ्या ठिकाणी विचारलं, "यात नवीन काय?" तिसऱ्या ठिकाणी एका उपसंपादकानं त्यांना बसवून घेतलं. बाईंची पत्रकं तो वीस वर्षं कापत आला होता, पण भेट पहिल्यांदाच होत होती. "तुम्ही होय त्या!" तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर, टायरच्या जाहिरातीखाली, चार ओळी आल्या. काकांची शेवटची दोन वाक्यं जागेअभावी गेली होती. बाईंची ओळ राहिली होती.

पक्षाच्या प्रवक्त्यानं सांगितलं, की ज्येष्ठ सभासदांची स्मरणशक्ती क्षीण झाली आहे आणि संबंधित महिला कर्मचारी काही काळापासून मानसिक तणावाखाली होती. बाईंना निवडणूक होईपर्यंत येऊ नका असा निरोप आला, आणि निवडणुकीनंतर या असा आलाच नाही. यादी टेबलावर तशीच राहिली. तीनशे बारा फोन व्हायचे होते.

मतदानाच्या दिवशी बाई शाळेतल्या रांगेत उभ्या राहिल्या. चोवीस वर्षं त्या दिवशी कार्यालयात श्वास घ्यायला फुरसत नसायची. मत द्यायला त्या धावतपळत जायच्या आणि परत यायच्या. आता पुढे-मागे लोक जोडीनं, घराघरांनी उभे होते. मत देऊन बाहेर आल्यावर कुठं जायची घाई नव्हती. समोर बाकडं होतं, त्यावर त्या दीड तास बसल्या. कुणाला मत दिलं हे त्यांना विचारणारं कुणी नव्हतं, आणि त्यांनीही ते कधी कुणाला सांगितलं नाही.

युती जिंकली. पक्षाला चार मंत्रिपदं मिळाली. त्या चार ओळींनी कुणाचं एक मतही हललं नसावं.

निकालानंतरच्या रविवारी बाईंनी फोन लावला. सुनेनं उचलला.

"बाबांना विचारते," ती म्हणाली. थोड्या वेळानं परत आली. "नको म्हणतायत."

"बरे आहेत ना?"

"बरे आहेत. ती चार ओळींची बातमी मला दोनदा वाचायला लावली. तुमचं नाव आलं तेव्हा मला थांबवलं आणि विचारलं, वेलांट्या नीट आहेत का नावातल्या? आहेत म्हटलं."

पुढच्या रविवारी पुन्हा "नको" आलं, त्याच्या पुढच्याही. बाईंना घराजवळच्या एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर काम मिळालं. नाव, वय विचारायचं आणि कार्ड लिहून द्यायचं. रविवारचा फोन त्यांनी सोडला नाही. तो आता दोन मिनिटांचा असे. काका कसे आहेत, बरे आहेत. जेवतात का, जेवतात. डोळ्यांचे थेंब मिळाले का, मिळाले. काका फोनवर कधीच आले नाहीत.

सहाव्या की सातव्या रविवारी दोन मिनिटं संपली आणि बाई म्हणाल्या, "बरं, ठेवते मग."

"ठेवता?" सून म्हणाली. ती घुटमळली. "घाईत आहात का?"

"नाही गं. मला कसली घाई?"

"मग बोला की जरा. बाबा झोपलेत. यांचा फोन बोटीवरून महिना झाला आला नाही, कुठल्या समुद्रात आहेत तेही माहीत नाही. दवाखान्यात दिवसभर दुसऱ्यांचं ऐकायचं, घरी आलं की बाबा गप्प. मला काही सुचत नाही हो ताई, कधी कधी."

बाईंनी खुर्ची फोनजवळ ओढली.

"सांग," त्या म्हणाल्या. "कधी निघाले होते ते?"